पाळण्यातली प्रजा : सीमेवरील बालसंख्येचा एक मागोवा



ज्या शाळेच्या फळ्यावर मी पहिले अक्षर गिरवले आणि ज्या शाळेत पुढे बरीच वर्षे इतिहास शिकवला, त्याच शाळेने मला या स्मृतिव्याख्यानासाठी पाचारण करावे, हा मी माझा बहुमान समजतो. ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते गुरुजी गणित शिकवीत. वर्गात कोणी एखादा आकडा फेकला की ते खडू खाली ठेवून एकच प्रश्न विचारीत, "कोणी मोजले?" उत्तर देता आले नाही तर तो आकडा ते फळ्यावर लिहू देत नसत. आम्हा मुलांना त्या वेळी ही केवळ त्यांची लकब वाटे. इतिहासाचा अभ्यास करू लागलो तेव्हा कळले की तो प्रश्न फार खोल आहे.

आज मी याच प्रश्नाच्या आधाराने एक विषय आपल्यापुढे ठेवणार आहे. पुढील दहा, वीस, पंचवीस वर्षांत लहान मुले किती असतील, याचे अंदाज आज देशोदेशी मांडले जातात. आफ्रिकेतील देशांच्या बालसंख्येची तुलना होते, तशीच आपल्याकडे राज्याराज्यांची होते. अंगणवाड्या, शाळा, लसी, धान्य, शिक्षकांच्या जागा हे सारे या अंदाजांवर ठरते. हे अंदाज येतात कोठून, ते चुकतात कोठे, आणि पांढुर्णा-सौंसरसारख्या सीमेवरच्या मुलखाला त्यातून काय घ्यावयाचे आहे, एवढाच माझा विषय आहे.

१

आपल्या मुलखात माणसे मोजण्याची प्रथा जुनी आहे. १८५४ साली नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले, १८६१ साली मध्यप्रांत अस्तित्वात आला आणि १८६६ साली या प्रांताने स्वतःची शिरगणती केली. हिंदुस्थानभरची पहिली शिरगणती १८७२ सालची. ती सर्वत्र एकाच वेळी झाली नव्हती. सर्वत्र एकाच वेळी झालेली पहिली गणना १८८१ सालची. म्हणजे सिल्लेवानी घाटाखालचा हा कापसाचा प्रदेश देशव्यापी गणनेच्याही आधी मोजला गेला होता.

दोन शिरगणतींच्या मधल्या काळात जन्ममृत्यूची नोंद ठेवणारा माणूस म्हणजे गावचा कोटवार. आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी तो आपली वही घेऊन पोलीस ठाण्यात जाई. स्वतःला लिहिता येत नसेल तर दुसऱ्याकडून लिहवून घेई. गावात कोणाकडे पाळणा हलला आणि कोणाकडे तिरडी बांधली गेली, याचा सरकारदरबारी पहिला साक्षीदार तोच. सौंसर, सावनेर, काटोल, नरखेड, वरुड येथल्या गावोगावच्या नोंदी अखेर एकाच प्रांताच्या अहवालात जाऊन मिळत, कारण १९०३ नंतर वऱ्हाडही याच प्रांताच्या कारभाराला जोडले गेले होते.

या नोंदी एक दुःखद कहाणी सांगतात. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ या प्रांताने सोसले. दुसरा लोकस्मृतीत 'छप्पन्नचा दुष्काळ' म्हणून राहिला, कारण ते विक्रम संवत १९५६ होते. छिंदवाडा जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ साली चार लाखांच्या थोडी वर होती. १९०१ साली ती जवळजवळ तेवढीच भरली. दहा वर्षे जणू कोणी जन्मलेच नाही, असे कोरड्या आकड्यावरून वाटावे. प्रत्यक्षात जन्मली होती, पण जितकी जन्मली तितकी माणसे गेली होती. आणि दुष्काळात उपासमार झालेल्या स्त्रियांच्या पोटी मुळात जन्मच कमी झाले होते.

त्यानंतर १९१८ सालची इन्फ्ल्यूएंझाची साथ आली. आपल्याकडे तिला 'मानमोडी' म्हणत. हिंदुस्थानात तिने एक कोटीहून कितीतरी अधिक बळी घेतले, आणि मृत्यूचे प्रमाण ज्या प्रांतांत सर्वाधिक होते त्यांत मध्यप्रांत व वऱ्हाड यांची गणना होते. ही साथ म्हातारे आणि बालके यांच्याबरोबरच वीस ते चाळीस वयाच्या धडधाकट माणसांवर तुटून पडली. गर्भवती स्त्रिया मोठ्या संख्येने दगावल्या. परिणामी पुढच्या वर्षी जन्मही घटले. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. गणना सुरू झाल्यापासून असे एकदाच घडले आहे.

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावी. १८९७ ते १९०० या काळात जी मुलगी जन्मली नाही किंवा जगली नाही, ती १९१८ ते १९२५ च्या सुमारास आई होणार होती. तिची मुलेही मग जन्मली नाहीत. बालसंख्येत एकदा पडलेला खड्डा वीस-पंचवीस वर्षांनी पुढच्या पिढीत पुन्हा उमटतो. याउलट एखाद्या पिढीत मुले विपुल असली, तर प्रत्येक आईची मुले कमी झाली तरी आयाच अधिक असल्यामुळे जन्म बराच काळ कमी होत नाहीत. लोकसंख्याशास्त्रात याला लोकसंख्येचा संवेग म्हणतात. धावती बैलगाडी कासरा ओढताक्षणीच थांबत नाही, तसेच हे आहे.

२

उद्याच्या बालकांचा अंदाज याच विचारावर उभा असतो. आज ज्या मुली पाच वर्षांच्या आहेत, त्या पंधरा-वीस वर्षांनी माता होण्याच्या वयात येतील. त्यांपैकी किती जगतील, त्यांना सरासरी किती मुले होतील, त्या मुलांपैकी किती वाचतील, किती कुटुंबे बाहेर जातील आणि किती आत येतील, हे एकेक गृहीत धरून आकडा पुढे सरकवला जातो. पायाशी असते शिरगणती. तिच्यावर जननदर, मृत्युदर आणि स्थलांतर यांची गृहीते रचली जातात. पाया खचला तर माडी खचते, आणि पाया शाबूत असला तरी गृहीत चुकले की माडी कलते.

अगदी कसलेल्या तज्ज्ञांचेही अंदाज हुकतात. २००१ च्या जनगणनेवरून सरकारी तज्ज्ञगटाने २०११ साली भारताची लोकसंख्या सुमारे ११९ कोटी २५ लाख असेल असे वर्तवले होते. प्रत्यक्षात ती १२१ कोटी भरली. फरक दीड टक्क्याच्या आसपासचा. शास्त्राच्या दृष्टीने तो क्षम्यच म्हणावा. तथापि ही पावणेदोन कोटी माणसे होती, आणि त्यांना लागणारे धान्य व शाळेतील जागा त्या अंदाजात नव्हत्या.

३

आता आपल्या अंगणाकडे वळू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्राचे झाले. छिंदवाडा जिल्हा, आणि त्याबरोबर आपला मराठी बोलणारा सौंसर-पांढुर्णा भाग, नव्या मध्यप्रदेशात राहिला. बोली तीच राहिली, पोळा तोच, संत्र्याचे बगीचे तेच, सोयरिकीही त्याच. नोंदवह्या मात्र दोन झाल्या. एक नागपूरमार्गे मुंबईला जाऊ लागली आणि दुसरी छिंदवाड्यामार्गे भोपाळला.

दोन्ही राज्यांतील सहा वर्षांपर्यंतच्या बालकांचे आकडे शेजारी ठेवून पाहू. २००१ साली मध्यप्रदेशात अशी बालके सुमारे १ कोटी ८ लाख होती. २०११ सालीही ती सुमारे १ कोटी ८ लाखच होती. त्याच दहा वर्षांत राज्याची एकूण लोकसंख्या ६ कोटी ३ लाखांवरून ७ कोटी २६ लाखांवर गेली. महाराष्ट्रात बालके १ कोटी ३७ लाखांवरून १ कोटी ३३ लाखांवर आली, म्हणजे घटली. शंभर माणसांत बालके किती, असे विचारले तर मध्यप्रदेशात २००१ साली १८ होती, ती २०११ साली १५ झाली. महाराष्ट्रात १४ होती, ती १२ झाली.

या उतरणीमागचे कारण कुटुंबात शिरून पाहावे लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पहिली फेरी १९९२-९३ साली झाली. त्या वेळी एका स्त्रीला सरासरी होणारी मुले मध्यप्रदेशात ३.९ आणि महाराष्ट्रात २.९ होती; अंतर पुरते एका मुलाचे. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत हे आकडे अनुक्रमे २.० आणि १.७ झाले. पिढी जेमतेम भरून निघण्यास २.१ ही पातळी लागते. दोन्ही राज्ये तिच्याखाली उतरली. म्हणजे ज्या राज्यात मुलांचा लोंढा कधी थांबणार नाही असे आपल्या तरुणपणी बोलले जाई, तेथे तो तीस वर्षांत थांबला. त्यासाठी कोणावर बळजबरी करावी लागली नाही. मुलगी शाळेत टिकली, बाळ वाचेल असा भरवसा वाढला, दवाखाना जवळ आला, आणि जोडप्याने आपला निर्णय आपण घेतला.

तरीही एक अंतर मिटलेले नाही. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२० च्या आकड्यांनुसार जन्मलेल्या हजार बालकांपैकी वर्षाच्या आत दगावणारी महाराष्ट्रात १६ होती, तर मध्यप्रदेशात ४३. २०११ साली स्त्रियांची साक्षरता महाराष्ट्रात शंभरात ७६ होती, मध्यप्रदेशात ५९. बालमृत्यूचे अंतर आणि मातेच्या अक्षरओळखीचे अंतर यांचा संबंध योगायोगाचा नाही.

यावरून पलीकडच्या आप्तांनी फार फुशारून जाऊ नये. सहा वर्षांच्या आतील हजार मुलांमागे मुली किती, हे पाहिले तर चित्र उलटते. मध्यप्रदेशात २००१ साली ९३२ मुली होत्या, त्या २०११ साली ९१८ झाल्या. महाराष्ट्रात ९१३ होत्या, त्या ८९४ वर आल्या. गर्भलिंगतपासणीवर निर्बंध घालणारा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ साली, महाराष्ट्राने केला, आणि तरीही हे घडले. तपासणीचे यंत्र जेथे आधी पोचले तेथे मुलगी आधी कमी झाली. सुबत्ता आणि शिक्षण यांच्याबरोबर शहाणपण आपोआप येत नाही, याची ही कडू आठवण आहे.

शिवाय हे सारे राज्यांचे सरासरी आकडे आहेत. मध्यप्रदेशच्या सरासरीत झाबुआही आहे आणि इंदूरही. महाराष्ट्राच्या सरासरीत मुंबई आहे आणि मेळघाटही. पांढुर्ण्याची आई सरासरीत राहत नाही. ती ज्या वस्तीत राहते तेथला दवाखाना, तेथली परिचारिका आणि तेथला रस्ता तिच्या बाळाचे भवितव्य ठरवतात.

४

आपल्या घरची गोष्ट दूरच्या आरशात पाहिली म्हणजे अधिक स्पष्ट दिसते. आफ्रिकेतील केनिया आणि नायजेरिया या दोन देशांकडे मी त्यासाठीच वळतो.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस केनियात एका स्त्रीला सरासरी आठ मुले होत. लोकसंख्यावाढीचा तो वेग जगात अत्युच्च मानला जाई, आणि त्या देशाच्या भविष्याविषयी मोठ्या काळजीने लिहिले जाई. २०२२ च्या पाहणीत हा आकडा ३.४ वर आला. २००९ च्या गणनेत केनियाची लोकसंख्या ३ कोटी ८६ लाख होती, २०१९ साली ४ कोटी ७६ लाख. पण पाच वर्षांखालील मुले दोन्ही वेळा साठ लाखांच्या घरातच राहिली. माणसे वाढली, बालके स्थिर राहिली. आपल्या मध्यप्रदेशाची कहाणीच जणू समुद्रापार पुन्हा घडली.

नायजेरियाची वाट निराळी. तेथे २०१८ साली दर स्त्रीमागे ५.३ मुले होती, २०२३-२४ च्या पाहणीत ४.८. उतार आहे, पण मंद आहे. त्यामुळे तेथील बालसंख्या दीर्घकाळ वाढत राहील, असे सारे अंदाज सांगतात. किती वाढेल? संयुक्त राष्ट्रांच्या २०१२ च्या आवृत्तीत २०५० साली नायजेरियाची लोकसंख्या ४४ कोटी होईल असे म्हटले होते. २०२४ च्या आवृत्तीत तोच आकडा ३६ कोटींच्या आसपास आला. बारा वर्षांत, एकाच संस्थेच्या हिशेबात, आठ कोटी माणसे भविष्यातून वजा झाली. ती कोणी मारली नाहीत. ती अजून जन्मलेलीच नव्हती. त्यांच्या नावाने मांडलेले गृहीत तेवढे बदलले.

गुरुजींचा प्रश्न येथे लागू पडतो. कोणी मोजले? नायजेरियात १९६२ ची गणना उत्तर-दक्षिण प्रदेशांच्या वादात रद्द झाली. १९६३ साली पुन्हा मोजणी झाली, ती ५ कोटी ५७ लाख भरली. तिच्यावरही वाद झाले. १९७३ ची गणना बाजूला ठेवण्यात आली. १९९१ साली जेव्हा पुन्हा मोजणी झाली, तेव्हा ती सुमारे ८ कोटी ८९ लाख भरली. तोवर प्रचलित अंदाज मात्र अकरा कोटींच्या वर गेले होते. शेवटची गणना २००६ सालची, १४ कोटींची. २०२३ साली योजलेली गणना पुढे ढकलली गेली. ज्या प्रदेशात माणसे अधिक, तिकडे प्रतिनिधी आणि पैसा अधिक, असे ठरले की मोजणीचीच ओढाताण होते. अशा पायावर तज्ज्ञांनी कितीही नेटका अंदाज रचला तरी तो डळमळणारच.

केनियाकडून एक शिकावे : बालसंख्येचा अंदाज म्हणजे विधिलिखित नव्हे, आया-बायांच्या जीवनात बदल झाला की तोही बदलतो. नायजेरियाकडून दुसरे : मोजणी विश्वासार्ह नसेल तर बदल झाला की नाही, हेही कळत नाही.

५

हे दुसऱ्यांविषयी झाले. आता एक गोष्ट स्वतःविषयी सांगतो. इतकी वर्षे ती मी गुरुजींखेरीज कोणाजवळ बोललो नव्हतो.

१९९१ च्या जनगणनेत मी प्रगणक होतो. ९ ते २८ फेब्रुवारी घरोघर मोजणी आणि १ ते ५ मार्च पुन्हा त्याच घरी जाऊन, मधल्या दिवसांत कोणी जन्मले वा गेले का, याची फेरतपासणी, असे काम होते. परीक्षांचे दिवस होते. दिवसा वर्ग, सायंकाळी मोजणी आणि रात्री कंदिलाशी तक्ते. माझ्या गटातील एका घरी दाराशी एक आजी बसली होती. आतून तान्ह्या बाळाचे रडणे ऐकू आले. मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "नात हाय जी मास्तर, बाळंतपणाले आली. ते आमची नाही, तिकडची हाय. अन् पोराचं तं बारसंबी नाही झालं, काय नाव लिवता?"

'तिकडची' म्हणजे सीमेपलीकडची. मी मनात म्हटले, हिला तिच्या सासरी लिहितील; आणि पुढच्या दारी गेलो. नियम मला पाठ होता. जी व्यक्ती मोजणीच्या संपूर्ण काळात आपल्या नेहमीच्या घरापासून दूर असेल, तिची गणना ती जेथे सापडेल तेथेच करावयाची. त्या मुलीला आणि तिच्या बाळाला मीच लिहावयास हवे होते. फेरतपासणीच्या वेळीही मी दारातूनच विचारले आणि दारातूनच परतलो.

त्याच उन्हाळ्यात एका लग्नाला पलीकडे गेलो असता त्या मुलीचे सासरे भेटले. बोलता बोलता ते सहज म्हणाले, "आमच्याकडेही गुरुजी आले होते. सूनबाई माहेरी होती, म्हणून तिला त्यांनी लिहिलं नाही." माझ्या हातातला घास हातातच राहिला. तिकडच्या माणसाने नियम पाळला होता. चुकलो होतो तो मी. दोन राज्यांच्या दोन नोंदवह्यांच्या मधून एक आई आणि एक बाळ निसटले होते. देशाच्या हिशेबात ती दोघे दहा वर्षे नव्हती.

मी गुरुजींकडे गेलो आणि सारे सांगितले. ते रागावले नाहीत. बराच वेळ गप्प राहून त्यांनी विचारले, "तुझ्या गटात पहिलटकरणी किती असतील?" मी अंदाजाने आकडा सांगितला. "आणि असे गट किती?" मी उत्तर दिले नाही. पहिले बाळंतपण माहेरी ही आपली रीत. सोयरिकी सावनेर, काटोल, नरखेड, वरुडशी. म्हणजे सीमेवरच्या मुलखात हा निसटता दुवा एखाद्याच घरात नव्हे, तर रीतीतच आहे. जन्माची नोंद एका राज्यात, वास्तव्य दुसऱ्या राज्यात, आणि मोजणीच्या दिवशी बाळ तिसऱ्याच्याच ओसरीवर. ज्याचे बारसे झाले नाही त्याला नाव नाही, आणि ज्याला नाव नाही त्याला घरचेच माणूस मोजत नाहीत. तान्ही मुले गणनेत कमी भरतात, असा अनुभव शिरगणतीच्या आरंभापासूनचा आहे.

मृत्यूचेही तसेच. २००१ साली महाराष्ट्रात 'कोवळी पानगळ' हा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यातील कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन बालमृत्यू मोजले, तेव्हा ते सरकारी नोंदीपेक्षा कितीतरी अधिक निघाले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची जी पद्धत उभी केली, आणि १९९९ साली जिची जगाने दखल घेतली, तिचाही आरंभ मोजण्यातूनच झाला होता. जे बाळ जन्मले म्हणून कोणी लिहिले नाही, ते गेले म्हणूनही कोणी लिहीत नाही. आणि जे लिहिलेच नाही ते वाचवण्याची जबाबदारी कोणावरच येत नाही.

६

हे सारे आजच सांगण्याचे कारण आहे. २०२१ साली व्हावयाची जनगणना करोनाच्या साथीमुळे झाली नाही. १८८१ पासून दर दहा वर्षांनी, महायुद्धाच्या काळातही, चुकली नव्हती ती परंपरा प्रथमच खंडित झाली. जून २०२५ मध्ये नव्या जनगणनेची अधिसूचना निघाली आणि १ मार्च २०२७ ही तिची संदर्भ-तारीख ठरली. दरम्यान ५ ऑक्टोबर २०२३ पासून, छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके वेगळे काढून, पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. म्हणजे येती गणना ही या जिल्ह्याची जिल्हा म्हणून पहिली गणना ठरेल.

या पहिल्या आकड्याचे मोल किती, याचा विचार करा. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, तेव्हापासून अंगणवाडी लोकसंख्येच्या प्रमाणात मिळते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली राज्याराज्यांतील किती माणसांना धान्य द्यावयाचे, ते २०११ च्या जनगणनेवरून ठरले. त्यानंतर जन्मलेली मुले त्या हिशेबात नव्हती. पांढुर्णा जिल्ह्याच्या पुढील पंधरा-वीस वर्षांच्या बालसंख्येचे जे अंदाज मांडले जातील, ते २०२७ च्या पायावर. तेथे शंभर तान्ही बाळे निसटली तर पुढच्या प्रत्येक तक्त्यात ती निसटलेलीच राहतील. आणि त्यांतल्या मुली उद्याच्या माता असल्यामुळे त्यांच्या मुलांचा अंदाजही निसटेल.

आपल्या शाळेच्या पहिल्या वर्गात मुले कमी होत आहेत, अशी चिंता मघाशी काही माजी विद्यार्थ्यांनी व्यक्त केली. देशाचाही अंदाज तोच आहे. २०११ साली पंधरा वर्षांखालील मुले शंभरात जवळजवळ ३१ होती, ती २०३६ पर्यंत वीसच्या घरात येतील असे तज्ज्ञगट म्हणतो. यात भिण्यासारखे काही नाही. मुले कमी असतील तर प्रत्येक मुलाकडे अधिक लक्ष देता येईल. चाळीसच्या जागी पंचवीस मुले आली म्हणून वर्ग बंद करावयाचा, की त्या पंचविसांना अधिक चांगले शिकवावयाचे, हे आकडा ठरवीत नाही. ते आपण ठरवतो. छप्पन्नच्या दुष्काळात आणि मानमोडीत या मुलखातली मुले घटली, ती मरून घटली. आज घटत आहेत ती आईबापांच्या विचारपूर्वक निर्णयाने. एकाच उतरत्या रेषेमागे हे दोन वेगळे इतिहास आहेत, आणि त्यांतला फरक ओळखणे हेच इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम आहे.

या सभागृहात बसलेल्यांपैकी अनेकजण शिक्षक आहेत. त्यांतले कित्येक प्रगणक म्हणून घरोघर जातील. काहीजण सीमेपलीकडे तेच काम करतील. त्यांना माझी हात जोडून एकच विनंती आहे. दारातून परतू नका. "घरात किती माणसे?" एवढे विचारून थांबू नका. माहेरी आलेली लेक आहे का, पाळण्यात कोणी आहे का, हे वेगळे विचारा. नाव ठेवले नसेल तर नावाविना लिहा, पण लिहा. आणि घरच्या आजीबाईंनी "ते आमची नाही जी" म्हटले, तर तिच्याजवळ दोन मिनिटे बसा.

ते बाळ, जे मी लिहिले नाही, आज पस्तिशीत असेल. त्याला हे ठाऊक नसेल. त्याने शाळा पाहिली असेल, कदाचित त्याचीही मुले शाळेत जात असतील. त्याचे काही बिघडले असेल असे नाही. बिघडला तो हिशेब, आणि तो हिशेब माझ्या हाती सोपवलेला होता.

गुरुजींचे ऋण फिटणारे नाही. ही जुनी चूक त्यांच्या स्मृतिदिनी, त्यांच्याच शाळेत उघडपणे मांडता आली, हे समाधान मला पुरेसे आहे.